जर्मनी आणि अमेरिका: अटलांटिकपार संबंधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी आणि अमेरिका यांच्या संबंधांविषयी मराठीत बातम्या येतात त्या बहुधा एखाद्या शिखर परिषदेच्या किंवा वादग्रस्त विधानाच्या निमित्ताने, आणि दोन दिवसांत त्या मागेही पडतात. त्या विधानांमागची रचना मात्र पंचाहत्तर वर्षे जुनी आहे. पुढील उत्तरांत भर त्या रचनेवर आहे, कारण जर्मनीचे अमेरिकाविषयक धोरण चॅन्सेलरच्या, म्हणजे सरकारप्रमुखाच्या, आवडीनिवडीपेक्षा तेथील राज्यघटना, संसद, आघाडीतील संख्याबळ आणि तिजोरीचे नियम यांनीच अधिक ठरते, असे माझे ठाम मत आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांचे विद्यार्थी आणि शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जर्मनीत गेलेले मराठी वाचक यांना पडणारे प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत.

अमेरिकेशी असलेली मैत्री हा जर्मन परराष्ट्र धोरणाचा पाया का मानला जातो?

कारण पश्चिम जर्मनी हे राज्य उभे राहिले तेच या मैत्रीच्या चौकटीत. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग बंद केले, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन यांनी सुमारे अकरा महिने तेथील वीस लाखांहून अधिक रहिवाशांना विमानांनी धान्य, कोळसा आणि औषधे पुरवली. तीन वर्षांपूर्वी याच दोन देशांची विमाने त्या शहरावर बाँब टाकत होती, हे लक्षात घेतले की त्या अकरा महिन्यांचा जर्मन मनावर किती खोल परिणाम झाला असेल याची कल्पना येते. नाकेबंदी १२ मे १९४९ रोजी उठली आणि २३ मे रोजी पश्चिम जर्मनीची राज्यघटना, म्हणजे तेथे ज्याला ‘मूलभूत कायदा’ म्हणतात तो दस्तऐवज, जाहीर झाला.

पुढचा टप्पा १९५५ चा आहे. ५ मे रोजी पश्चिम जर्मनीला सार्वभौमत्व परत मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी तो देश नाटोचा सदस्य झाला. नवे सैन्य, बुंडेसवेअर, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्थापन झाले आणि ते पहिल्या दिवसापासून नाटोच्या आराखड्यात बसवलेले होते. इतर देशांनी आधी सैन्य उभारले आणि मग युती केली. जर्मनीत युती आधी आली. पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांच्या या धोरणाला सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा, म्हणजे एसपीडीचा, सुरुवातीला कडाडून विरोध होता, कारण पश्चिमेशी अशी गाठ मारली तर पूर्व जर्मनी कायमची दुरावेल अशी त्या पक्षाला भीती होती. जून १९६० मध्ये हर्बर्ट वेनर यांनी संसदेत केलेल्या भाषणाने तो विरोध संपला, आणि तेव्हापासून दोन्ही मोठ्या पक्षांनी हा पाया मान्य केला आहे.

१९६३ मधील एक प्रसंग येथे फार बोलका आहे. जानेवारीत आडेनाउअर आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी एलिझे करारावर सह्या केल्या. युरोपाने अमेरिकेपासून अंतर राखावे असा द गॉल यांचा त्यामागील हेतू होता. जर्मन संसदेने करार मंजूर केला, पण त्याला स्वतःची एक प्रस्तावना जोडली आणि तीत अमेरिकेशी निकटची भागीदारी आणि नाटोतील सामायिक संरक्षण यांचा स्पष्ट उल्लेख केला. चॅन्सेलरने केलेल्या कराराचा रोख संसदेने बदलला, आणि द गॉल यांची निराशा झाली.

मग या दोन देशांत मतभेद कधीच नव्हते का?

भरपूर होते, आणि ते आजच्यापेक्षा सौम्य होते असेही म्हणता येत नाही. सोव्हिएत संघाला मोठ्या व्यासाचे पाइप विकण्यावरून १९६२-६३ मध्ये वाद झाला. १९८२ मध्ये सायबेरियातून येणाऱ्या गॅसवाहिनीवरून रेगन सरकारने युरोपीय कंपन्यांवर निर्बंध लादले आणि काही महिन्यांत ते मागे घेतले. रशियन गॅसवरचा वाद पुतिन यांच्या काळात सुरू झाला, असे समजणाऱ्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत.

सर्वांत मोठी कसोटी क्षेपणास्त्रांची होती. सोव्हिएत संघाने एसएस-२० ही मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे तैनात केल्यावर चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी १९७७ मध्ये लंडनच्या भाषणात या धोक्याकडे लक्ष वेधले. डिसेंबर १९७९ मध्ये नाटोने दुहेरी निर्णय घेतला: मॉस्कोशी वाटाघाटी कराव्यात, आणि त्या फसल्या तर अमेरिकेची पर्शिंग-२ आणि क्रूझ क्षेपणास्त्रे पश्चिम युरोपात आणावीत. त्यानंतर बॉन या तेव्हाच्या राजधानीत लाखोंचे मोर्चे निघाले, श्मिट यांचा स्वतःचाच पक्ष त्यांच्यापासून दुरावत गेला, आणि आघाडीतील एफडीपी हा छोटा पक्ष, मुख्यतः आर्थिक धोरणावरून, बाहेर पडल्यावर १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट कोल चॅन्सेलर झाले. २२ नोव्हेंबर १९८३ रोजी संसदेने क्षेपणास्त्रांना मंजुरी दिली. ही शस्त्रे १९८७ च्या करारानुसार दोन्ही बाजूंनी नष्ट करण्यात आली, आणि तो करार घडण्यामागे जर्मन संसदेची ती अप्रिय मंजुरी हे एक मोठे कारण होते, असे मला वाटते.

चॅन्सेलर स्वतःच्या अधिकारात सैन्य परदेशी पाठवू शकतो का?

नाही. सशस्त्र मोहिमेसाठी संसदेची, म्हणजे बुंडेस्टागची, पूर्वसंमती लागते, असा निर्णय कार्ल्सरुह येथील घटनात्मक न्यायालयाने १२ जुलै १९९४ रोजी दिला आणि २००५ मध्ये त्याला स्वतंत्र कायद्याचे रूप मिळाले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष सैन्य हलवतात आणि काँग्रेसमध्ये नंतर वाद होतो. जर्मनीत आधी ठराव येतो, त्यात सैनिकांची कमाल संख्या, मुदत आणि खर्च लिहिलेला असतो, आणि मुदत संपली की पुन्हा मतदान होते. वॉशिंग्टनमधील अनेकांना ही दिरंगाई वाटते. मला ती लोकशाहीची मोठी कमाई वाटते, कारण हिटलरनंतरच्या जर्मनीने सैन्य हे सरकारचे नव्हे तर संसदेचे मानले आहे.

हा नियम व्यवहारात कसा चालतो ते १६ नोव्हेंबर २००१ रोजी दिसले. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरील हल्ल्यांनंतर चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी अमेरिकेला निःसंदिग्ध पाठिंबा जाहीर केला होता, पण अफगाणिस्तानच्या मोहिमेला त्यांच्याच आघाडीतील एसपीडी आणि ग्रीन पक्षाच्या काही सदस्यांचा विरोध होता. विरोधी पक्षाच्या मतांवर ठराव सहज मंजूर झाला असता. तरीही श्रोडर यांनी सैन्य पाठवण्याचा ठराव विश्वासदर्शक ठरावाशी जोडला, म्हणजे आघाडीतल्या सदस्याने मोहिमेला नकार दिला तर सरकारही पडणार. बहुमतासाठी ३३४ मते हवी होती आणि मिळाली ३३६. म्हणजे वीस वर्षे चाललेल्या आणि ५९ जर्मन सैनिकांचा जीव घेणाऱ्या मोहिमेचा प्रारंभ दोन मतांच्या फरकाने झाला.

२००३ मध्ये जर्मनीने इराक युद्धाला नकार दिला, तो संबंधांतील कायमचा तडा होता का?

तडा होता, कायमचा नव्हता. २००२ च्या निवडणुकीत श्रोडर यांनी इराक मोहिमेत सहभागी न होण्याचे आश्वासन दिले आणि ते पाळले. फेब्रुवारी २००३ मध्ये म्युनिक सुरक्षा परिषदेत परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांनी समोर बसलेल्या अमेरिकी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना इंग्रजीत सुनावले की, मला हे पटलेले नाही. त्या वेळी विरोधी पक्षात असलेल्या अँगेला मर्केल यांनी अमेरिकी वृत्तपत्रात लेख लिहून श्रोडर हे सर्व जर्मनांच्या वतीने बोलत नाहीत असे सांगितले होते.

याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. युद्धाला विरोध करणाऱ्या याच सरकारने अमेरिकेला जर्मन हवाई हद्द आणि तेथील अमेरिकी तळ वापरू दिले, आणि त्या तळांच्या पहाऱ्याला बुंडेसवेअरचे जवान उभे केले.

भारतीय वाचकांना १७ मार्च २०११ चे मतदानही आठवत असेल. लिबियावरील लष्करी कारवाईचा ठराव क्रमांक १९७३ संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आला तेव्हा जर्मनी तटस्थ राहिला, आणि त्याच्यासोबत तटस्थ राहिलेल्यांत भारत, ब्राझील, रशिया आणि चीन होते. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिन्ही मित्रांपासून जर्मनी एकाच वेळी दूर उभा राहिल्याचे असे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही.

शीतयुद्ध संपूनही अमेरिकेचे सैन्य जर्मनीत का आहे?

कारण ते आता केवळ जर्मनीसाठी तेथे नाही. सुमारे ३५ हजार अमेरिकी सैनिक जर्मनीत आहेत, युरोपातील इतर कोणत्याही देशापेक्षा अधिक. श्टुटगार्टमध्ये अमेरिकेच्या युरोप विभागाचे आणि आफ्रिका विभागाचे, अशी दोन लष्करी मुख्यालये आहेत. राइनलांड-फाल्त्स राज्यातील रामश्टाइन हा मोठा हवाई तळ आहे. शेजारच्या लांडश्टूल येथील लष्करी रुग्णालयात इराक आणि अफगाणिस्तानातील जखमी सैनिक आणले जात. बव्हेरियातील ग्राफेनव्योर येथे विस्तीर्ण प्रशिक्षण क्षेत्र आहे. या जागा गेल्या तर अमेरिकेला मध्यपूर्व आणि आफ्रिका दोन्हींकडे पोहोचणे अवघड होईल, आणि म्हणूनच ‘जर्मनीवर उपकार’ हे वर्णन चुकीचे आहे.

तळांचा प्रश्न जर्मनीत न्यायालयातही गेला आहे. येमेनमध्ये २०१२ च्या ड्रोन हल्ल्यात नातेवाईक गमावलेल्या दोघांनी असा दावा केला की, ड्रोनचे संदेश रामश्टाइनमार्गे जातात, म्हणून जर्मन सरकारने अमेरिकेला रोखले पाहिजे. १५ जुलै २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने त्यांची तक्रार फेटाळली. मात्र परदेशातील माणसांच्या जिवाबाबतही विशिष्ट परिस्थितीत जर्मन राज्यावर संरक्षणाची जबाबदारी येऊ शकते, हे तत्त्व त्याच निर्णयात मान्य झाले आहे. निकाल सरकारच्या बाजूने लागला असला तरी हे तत्त्व पुढे कधीतरी कोणत्याही चॅन्सेलरला अडचणीत आणू शकेल.

सैन्य कमी करण्याची घोषणा यापूर्वीही झाली आहे. २०२० मध्ये ट्रम्प सरकारने सुमारे १२ हजार सैनिक हलवण्याचे ठरवले आणि २०२१ मध्ये बायडेन यांनी ती योजना थांबवली. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संरक्षण कायद्यात अशी तरतूद केली की, विशिष्ट अटी पूर्ण केल्याशिवाय युरोपातील अमेरिकी सैन्यसंख्या ७६ हजारांच्या खाली नेता येणार नाही. म्हणजे अमेरिकेच्या बाजूनेही हा निर्णय एकट्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती राहिलेला नाही.

जर्मनीकडे अण्वस्त्रे आहेत का?

स्वतःची नाहीत, आणि ती मिळवण्यास जर्मनीने अण्वस्त्र प्रसारबंदी कराराने आणि १९९० च्या ‘दोन अधिक चार’ कराराने (दोन जर्मनी आणि महायुद्धातील चार विजेती राष्ट्रे यांचा एकीकरणाविषयीचा करार) कायदेशीर नकार दिला आहे. मात्र नाटोच्या अण्वस्त्र-सहभाग व्यवस्थेत तो सामील आहे. राइनलांड-फाल्त्समधील ब्युशेल तळावर अमेरिकी अणुबाँब ठेवलेले आहेत, हे सर्वांना माहीत असले तरी कोणतेही जर्मन सरकार ते अधिकृतपणे सांगत नाही. बाँब अमेरिकेचे, त्यांच्या वापराला परवानगी देण्याचा अधिकार अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा, आणि युद्धकाळात ते वाहून नेणारे विमान व वैमानिक जर्मन, अशी ही विभागणी आहे.

हे काम टोर्नेडो विमाने १९८० च्या दशकापासून करत आहेत. ती थकली आहेत. मार्च २०२२ मध्ये जर्मनीने त्यांच्या जागी अमेरिकी बनावटीची ३५ एफ-३५ विमाने घेण्याचा निर्णय जाहीर केला. या खरेदीमुळे पुढची अनेक दशके सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि देखभाल यांसाठी अमेरिकेकडे पाहावे लागणार आहे. ‘अमेरिकेवरील अवलंबित्व कमी करू’ असे बर्लिनमध्ये कोणी म्हणाले की मला प्रथम ही ३५ विमाने आठवतात.

रशियन गॅसच्या बाबतीत अमेरिकेचा इशारा बरोबर होता का?

होता, आणि तो अनेक वर्षे, दोन्ही पक्षांच्या अमेरिकी सरकारांनी दिला होता. २०२२ च्या युद्धापूर्वी जर्मनीच्या गॅस आयातीपैकी निम्म्याहून अधिक वाटा रशियाचा होता. बाल्टिक समुद्रातून जाणारी नॉर्ड स्ट्रीम-१ ही वाहिनी २०११ मध्ये सुरू झाली. क्रिमिया बळकावला गेल्यानंतरही नॉर्ड स्ट्रीम-२ चे काम पुढे गेले. पोलंड, बाल्टिक देश आणि युक्रेन यांनी केलेला विरोध बर्लिनने केवळ व्यापारी व्यवहार म्हणून बाजूला सारला. हा जर्मन धोरणातील गेल्या तीस वर्षांतील सर्वांत महागडा अपराध आहे, आणि त्याची जबाबदारी एकट्या मर्केल यांच्यावर टाकता येणार नाही. एसपीडी, उद्योगजगत आणि गॅस जिथे उतरत होता ते मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याचे सरकार, सगळे त्यात होते.

७ फेब्रुवारी २०२२ रोजी व्हाइट हाउसमध्ये संयुक्त पत्रकार परिषद झाली. रशियाने आक्रमण केले तर नॉर्ड स्ट्रीम-२ उरणार नाही, असे बायडेन यांनी सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी वारंवार विचारूनही त्या वाहिनीचे नावसुद्धा उच्चारले नाही. पंधरा दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, त्यांनीच तिची मंजुरीप्रक्रिया थांबवली. सप्टेंबर २०२२ मध्ये समुद्रतळाशी झालेल्या स्फोटांनी चारपैकी तीन नळ निकामी झाले. डिसेंबरमध्ये विल्हेल्म्सहाफेन येथे द्रवरूप गॅसचे पहिले तरंगते टर्मिनल सुरू झाले, आणि तेथे येणाऱ्या गॅसचा सर्वांत मोठा पुरवठादार आता अमेरिका आहे. एका पुरवठादारावर विसंबण्याचा धडा घेतलेल्या देशाने या नव्या आकड्यांकडेही जागरूकपणे पाहिले पाहिजे.

श्रीमंत असूनही जर्मनी संरक्षणावर कमी खर्च का करत होता, आणि नेमके काय बदलले?

येथे तिजोरीचा नियम येतो. २००९ मध्ये राज्यघटनेत घातलेल्या कर्जमर्यादेनुसार केंद्र सरकारची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी तूट) सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. अमेरिका संरक्षणावर या उत्पादनाच्या दोन टक्के खर्चाची मागणी करत राहिली आणि जर्मन अर्थमंत्री या कलमाकडे बोट दाखवत राहिले.

२७ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर तिसऱ्या दिवशी आणि रविवारी भरलेल्या विशेष अधिवेशनात, शोल्त्स यांनी बुंडेसवेअरसाठी १०० अब्ज युरोचा विशेष निधी जाहीर केला. तो कर्जमर्यादेच्या बाहेर ठेवण्यासाठी घटनेच्या ८७ अ कलमात दुरुस्ती करावी लागली. त्या निधीच्या बळावर २०२४ मध्ये जर्मनीने दोन टक्क्यांचे उद्दिष्ट अनेक दशकांनंतर गाठले. पण निधी संपणारा होता आणि अंदाजपत्रक होते तेवढेच होते. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ६० अब्ज युरो दुसऱ्या निधीत वर्ग करणे बेकायदा ठरवले, आणि तेव्हापासून एसपीडी, ग्रीन आणि एफडीपी यांची आघाडी पैशाच्या वादात रुतत गेली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ट्रम्प यांच्या विजयाची बातमी आली, आणि त्याच रात्री शोल्त्स यांनी अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांना काढून टाकले. आघाडी तेथेच संपली.

२३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर जे घडले ते मला संसदीय इतिहासातील विलक्षण प्रकरण वाटते. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश बहुमत लागते, आणि नव्या संसदेत एएफडी हा उजव्या टोकाचा पक्ष आणि डावा पक्ष मिळून ती रोखू शकणार होते. नवी संसद २५ मार्चपर्यंत भरणे बंधनकारक होते. म्हणून १८ मार्च रोजी जुनीच संसद पुन्हा बसली आणि तिने ५१३ विरुद्ध २०७ मतांनी दुरुस्ती मंजूर केली. तीन दिवसांनी राज्यांच्या सभागृहाने, बुंडेसराटने, ६९ पैकी ५३ मतांनी होकार दिला. आता सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्यापुढील संरक्षण खर्चाला कर्जमर्यादा लागू नाही. ग्रीन पक्षाने आपल्या मतांच्या बदल्यात ही सूट गुप्तवार्ता, नागरी संरक्षण आणि आक्रमणग्रस्त देशांना मदत यांनाही लागू करून घेतली, आणि पायाभूत सुविधांच्या ५०० अब्ज युरोच्या निधीतील १०० अब्ज हवामानविषयक कामांसाठी राखून घेतले.

निवडणूक प्रचारात, पुढे चॅन्सेलर झालेल्या फ्रीडरिश मेर्त्स यांनी कर्जमर्यादेला हात न लावण्याचा सूर लावला होता. मतदारांना हा विश्वासघात वाटला तर त्यांना दोष देता येत नाही. तरीही जून २०२५ च्या हेग शिखर परिषदेत २०३५ पर्यंत पाच टक्के, त्यात साडेतीन टक्के थेट लष्करासाठी, असे ठरले तेव्हा जर्मनी मान वर करून बसू शकला तो या दुरुस्तीमुळेच.

मेर्त्स हे अमेरिकाधार्जिणे आहेत की अमेरिकाविरोधी?

त्यांची सगळी घडण अटलांटिकवादी आहे. जर्मन-अमेरिकी मैत्रीसाठी १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ‘अटलांटिक-ब्रुके’ या संस्थेचे ते २००९ ते २०१९ अध्यक्ष होते. म्हणूनच निवडणुकीच्या रात्री त्यांनी जे म्हटले त्याला वजन होते: युरोपाला लवकरात लवकर एवढे बळकट करायचे की टप्प्याटप्प्याने अमेरिकेपासून खरेखुरे स्वातंत्र्य मिळेल. ६ मे २०२५ रोजी पहिल्या फेरीत त्यांना ३१० मते मिळाली, आवश्यक ३१६ पेक्षा सहा कमी. चॅन्सेलरपदाचा उमेदवार पहिल्या फेरीत पडण्याची युद्धोत्तर काळातील ती पहिलीच वेळ होती. दुसऱ्या फेरीत ते निवडून आले. परराष्ट्रमंत्रिपद योहान वाडेफुल यांच्याकडे, म्हणजे चॅन्सेलरच्याच पक्षाकडे, १९६६ नंतर प्रथमच आले आहे.

५ जून २०२५ रोजी ते ट्रम्प यांना भेटले तेव्हा सोबत एक चौकटीत बसवलेला कागद होता: ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिश यांचा १८६९ मधील काल्श्टाट गावचा जन्मदाखला. दुसऱ्या दिवशी मित्रराष्ट्रांच्या १९४४ मधील नॉर्मंडीच्या चढाईचा वर्धापनदिन आहे याची मेर्त्स यांनी आठवण करून दिली. तो दिवस तुमच्यासाठी सुखाचा नव्हता, असे ट्रम्प म्हणाले. त्यावर मेर्त्स यांनी शांतपणे सांगितले की, दीर्घ दृष्टीने पाहता ती माझ्या देशाची नाझी हुकूमशाहीतून झालेली मुक्तता होती. जर्मन राज्याची अधिकृत भूमिका याहून कमी शब्दांत कोणी मांडल्याचे मला आठवत नाही. आणि ती भूमिका मांडून त्यांनी लगेच युक्रेनकडे विषय वळवला.

एएफडी हा पक्ष या चित्रात कोठे बसतो?

२०२५ च्या निवडणुकीत त्याला २०.८ टक्के मते मिळाली आणि तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. पूर्वेकडील पाचही राज्यांत तो पहिल्या क्रमांकावर होता. या राज्यांचा नाटोशी संबंधच १९९० नंतर आला, आणि ‘दोन अधिक चार’ करारानुसार तेथे परदेशी सैन्य वा अण्वस्त्रे ठेवता येत नाहीत. पश्चिमेत अमेरिकी सैनिक शेजारी म्हणून वावरले, तसा अनुभव पूर्वेकडे नाही. रशियावरील निर्बंध उठवावेत ही पक्षाची मागणी आहे.

तरीही वॉशिंग्टनमधून त्याला पाठबळ मिळाले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, मतदानाला नऊ दिवस असताना, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी म्युनिकमध्ये एएफडीला दूर ठेवणाऱ्या इतर पक्षांवर टीका केली आणि पक्षाच्या नेत्या अलिस वायडेल यांची भेट घेतली. मे महिन्यात जर्मनीच्या अंतर्गत गुप्तवार्ता संस्थेने पक्षाला अतिउजवा ठरवले, तेव्हा परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी त्याला छुपी जुलूमशाही म्हटले, आणि जर्मन परराष्ट्र खात्याने जाहीरपणे उत्तर दिले की, हीच लोकशाही आहे आणि अतिउजव्यांना रोखले पाहिजे हे आम्ही आमच्या इतिहासातून शिकलो आहोत. पूर्वीचे वाद क्षेपणास्त्रांवर, गॅसवर, युद्धावर होते. मित्रदेशाच्या निवडणुकीत कोणाशी आघाडी करावी हे सांगण्याचा प्रकार नवा आहे, आणि माझ्या दृष्टीने तो आयातशुल्कापेक्षा अधिक गंभीर आहे.

आयातशुल्काच्या वादात जर्मनी अमेरिकेशी स्वतंत्र करार का करत नाही?

कारण त्याला तसा अधिकार नाही. व्यापार धोरण युरोपीय संघाकडे आहे. २७ जुलै २०२५ रोजी स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी ट्रम्प यांच्याशी बहुतेक युरोपीय मालावर १५ टक्के शुल्काचा समझोता केला. मोटारींवरचे २७.५ टक्के शुल्क १५ वर आले, पोलादावरील ५० टक्के तसेच राहिले. मेर्त्स यांनी व्यापारयुद्ध टळल्याचे स्वागत केले, आणि जर्मन अर्थव्यवस्थेला मोठी झळ बसेल हेही कबूल केले. २०२४ मध्ये अमेरिका चीनला मागे टाकून जर्मनीचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार झाली होती, त्यामुळे ही झळ किरकोळ नाही. दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे बीएमडब्ल्यूचा, अलाबामात मर्सिडीजचा आणि टेनेसीत फोक्सवॅगनचा कारखाना आहे, हे मात्र वॉशिंग्टनमध्ये सोयीस्करपणे विसरले जाते.

जर्मनीचे सोने न्यूयॉर्कमध्ये ठेवलेले आहे, हे खरे का?

खरे आहे. जर्मन मध्यवर्ती बँकेच्या सुमारे ३,३५० टन सोन्यापैकी एक तृतीयांशाहून थोडे अधिक न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील व्यापारी शिलकीतून ते तेथे साठले. २०१७ पर्यंत न्यूयॉर्कमधून ३०० टन आणि पॅरिसमधील सर्व ३७४ टन सोने फ्रँकफर्टला आणले गेले.

सक्तीची लष्करी सेवा पुन्हा सुरू झाली आहे का?

नाही. ती २०११ मध्ये स्थगित झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार २००८ पासून जन्मलेल्या तरुणांना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रश्नावली भरणे बंधनकारक आहे, तरुणींना ऐच्छिक. भरती स्वेच्छेचीच आहे. पुरेसे लोक मिळाले नाहीत तर संसदेला वेगळा निर्णय घ्यावा लागेल. हा कायदा जर्मन नागरिकांपुरता आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रावर तेथे राहणाऱ्यांना त्याची चिंता नाही.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

अमेरिकी मुख्यालये ज्या श्टुटगार्टमध्ये आहेत ते मुंबईचे १९६८ पासूनचे भगिनी शहर आहे, आणि त्याचे राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे २०१५ पासून महाराष्ट्राचे भागीदार राज्य आहे. पण अधिक ठोस दुवा माझगाव गोदीत आहे. जर्मन आराखड्याच्या ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्या तेथे बांधल्या गेल्या आणि १९९२ व १९९४ मध्ये नौदलात दाखल झाल्या. जून २०२३ मध्ये जर्मन संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस मुंबईत आले तेव्हा टिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स आणि माझगाव डॉक यांनी नव्या सहा पाणबुड्यांच्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. भारताने रशियन शस्त्रांवर इतके विसंबून राहणे जर्मनीच्या हिताचे नाही, असे पिस्टोरियस त्या दौऱ्यात उघडपणे म्हणाले होते. शस्त्रनिर्यातीत एरवी काटेकोर असलेला जर्मनी भारताबाबत हात सैल सोडतो आहे, त्याचे मूळ २०२२ च्या फेब्रुवारीत आहे.

अमेरिकेने खरोखरच पाठ फिरवली तर जर्मनी स्वतःचे रक्षण करू शकेल का?

रणगाडे, दारूगोळा आणि सैनिक यांची उणीव पैशाने आणि वेळाने भरून काढता येते, आणि ते काम सुरू आहे. लिथुआनियात जर्मनी सुमारे पाच हजार जणांची ब्रिगेड कायमस्वरूपी ठेवत आहे. मे २०२५ मध्ये विल्नियस येथे तिचा औपचारिक समारंभ झाला आणि २०२७ पर्यंत ती पूर्ण क्षमतेने उभी राहायची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याची परदेशात अशी कायम वस्ती प्रथमच होते आहे.

उपग्रहांची टेहळणी, लांब पल्ल्याची वाहतूक आणि क्षेपणास्त्र-संरक्षण यांना अधिक वर्षे लागतील. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेने जर्मनीत लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणण्याचे मान्य केले, ते नेमके युरोपाकडे तशी शस्त्रे नसल्यामुळेच.

अण्वस्त्रांच्या छत्राला मात्र सहज पर्याय नाही. मेर्त्स यांनी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांच्याशी फ्रेंच अण्वस्त्रांच्या संरक्षणाविषयी चर्चा करण्याची तयारी दाखवली आहे, पण ती अमेरिकी छत्राला पूरक म्हणून, त्याच्या जागी नव्हे. फ्रान्सनेही स्पष्ट केले आहे की, वापराचा अंतिम निर्णय फ्रेंच राष्ट्राध्यक्षांचाच राहील. आणि जर्मनीने स्वतः या वाटेने जायचे म्हटले तर प्रसारबंदी करार आणि १९९० चा करार दोन्ही मोडावे लागतील; त्यांतला दुसरा करार हा जर्मनीच्या एकीकरणाचाच आधार आहे.